विळ्याचं रक्त

इंदू,

धारणीच्या रस्त्यावर जीप उलटली आणि तू गेलीस, हे मला दवाखान्याच्या कंपाउंडरनं शाळेच्या दारात उभं राहून सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. हा माणूस औषधात पाणी घालतो, बातमीत का घालणार नाही? मी विचारलं, "कोनं सांगतलं तुमाले?" तर म्हणतो, "मास्तरीणबाई, मेल्या माणसाबद्दल कोनी खोटं बोलते काय?" बोलतात की. जिवंत माणूस उलटून उत्तर देतं, मेलेलं देत नाही, म्हणून त्याच्याबद्दल जास्तच बोलतात. मी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि खुर्चीवर बसून राहिले. रडू आलं नाही. संशय फिटल्याशिवाय मला रडूसुद्धा येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

तुझ्याबद्दल आता गावात सगळे गोड बोलतात. फार चांगली नर्स होती, देवमाणूस होती. मला हे ऐकवत नाही. देवमाणूस म्हटलं की माणसाला काही विचारता येत नाही, आणि माझं तर तुला विचारायचं राहून गेलंय. जिवंतपणी चारचौघांत मी तुला 'नर्सबाई, तुमी' म्हणायचे आणि दोघीच असलो की 'इंदे'. आज दोघीच आहोत असं समजून लिहिते.

तू पहिल्यांदा आमच्या बौद्ध वस्तीत आलीस तेव्हा आम्हाला दीक्षा घेऊन फार दिवस झाले नव्हते. बार्शीटाकळीकडची कुणब्याची पोरगी, पांढरं पातळ, हातात पेटी. पातूरच्या दवाखान्यातून चालत आली होतीस. वस्तीत मास्तरीण मी एकटी, म्हणून तुला माझ्याच घरी बसवलं. मी चहा केला आणि समोर बसून पाहत राहिले. पिते की नाही? प्यायलीस, पण अर्धा कप ठेवलास. झालं. तू गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "पायलं ना? तोंडदेखलं दोन घोट घेतले." हे म्हणाले, "अवं, गोड जास्त झाला असन." पुढे तू दहा वेळा आलीस, दहाही वेळा अर्धा ठेवलास, आणि माझी खात्रीच पटली. मग एकदा पाटलाच्या सुनेला तपासायला गेलीस तेव्हा मी मुद्दाम शाळेच्या कामाचं निमित्त काढून तिथं आले. त्यांच्या बशीतही तू अर्धाच ठेवला होतास. परत येताना मी विचारलं, "चहा काहून टाकतेस वं?" तू म्हणालीस, "मले चहा आवडतच नाही. पण नाही म्हटलं तं लोक मनाले लावून घेतात." मला इतकं हसू आलं की रस्त्यात बसायची वेळ आली. त्या दिवसापासून मी तुला ताक देऊ लागले.

माहेरी आई उरली नव्हती, म्हणून माझी मोठी मुलगी इथंच, तुझ्या आणि सासूबाईंच्या भांडणात जन्माला आली. सासूबाई, म्हणजे सारजामाय, वस्तीची दाई. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. आमच्याकडे नाळ विळ्यानं कापायची आणि मग तोच विळा बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचा, अशी रीत. त्यांचा विळा वेगळा होता. त्यानं त्यांनी कधी गवताची काडी कापली नाही. तू आल्या दिवसापासून सांगत होतीस की विळ्यानं नाळ कापू नका, धनुर्वात होतो, लेकरू दगावतं. मीही शाळेतल्या अधिकारानं तेच सांगत होते. उशाखालच्या विळ्याची रीत तर मला अंधश्रद्धाच वाटायची. शेवटी सासूबाईंनी मधला मार्ग काढला. त्यांनी विळाच उकळला. मी कळा देत पडले होते आणि तू म्हणत होतीस, "मामी, ब्लेड घ्या ना, म्या आणलं हाये." तर त्या म्हणाल्या, "उकळाले सांगतलं ना तुनं? उकळला. आता काय मले उकळते?" तुला हसू आवरेना. हसताहसताच तू माझा हात घट्ट धरलास आणि मी बाळंत झाले. त्या हाताबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आता बोलते. तो हात नसता तर मी घाबरून गेले असते.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग नागपूरचे मोठे डॉक्टर जीप घेऊन आले.

गरोदर बायांच्या अंगात रक्त का कमी, हे त्यांना शोधायचं होतं. लोहाच्या गोळ्या खाऊनही काही बायांचं रक्त वाढत नाही, सांधे धरतात, डोळे पिवळे होतात, पोट राहिलं की जीव धोक्यात येतो, तर हा आजार आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार असावा, असं त्यांचं म्हणणं. तू त्यांच्या मदतीला होतीस. हेतू वाईट होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही. मला खटकली ती जीप. ती पाटलाच्या वाड्यापुढून धूळ उडवत निघायची, मारुतीच्या पारापाशी वळायची आणि नेमकी आमच्या वस्तीत येऊन थांबायची. गावात गरोदर बाया काय कमी होत्या? मग सुई आमच्याच बोटाला का? तू म्हणालीस, "साहेबांनी वाचलं हाये, असं रक्त काही लोकांतच सापडते. ते मेळघाटातबी जाऊन आले." मी म्हटलं, "इंदे, एकाच जागी खंदलं तं पानी तितंच लागन ना?" तू गप्प बसलीस. तुझं गप्प बसणं मला तेव्हापासून ओळखू येऊ लागलं.

आणि तो प्रश्न. डॉक्टर प्रत्येक बाईला जात विचारायचे. बाई म्हणायची, बौद्ध. ते मान हलवायचे आणि विचारायचे, "ते ठीक आहे, पण पूर्वीची?" माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "पूर्वीचं काही शिल्लक नाही, साहेब. रक्त पाहिजे तर घ्या." ते चिडले नाहीत, उलट हसले. मला ते हसणंही आवडलं नाही. ज्या माणसाला आपण विरोध केला आणि तो हसतो, त्यानं आपलं आधीच लिहून घेतलेलं असतं.

पण त्याआधी तर बाया बोटच द्यायला तयार नव्हत्या. रक्त विलायतेला विकतात, एका बाटलीची एक गोळी होते, असं काय काय उठलं होतं. शाळेच्या ओसरीत सगळ्या पदर आवळून बसलेल्या आणि तू समजावून समजावून घामेघूम. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नर्सबाई, आधी तुमचं बोट द्या." मला वाटलं होतं तू काहीतरी कारण सांगशील. तू सांगितलं नाहीस. पेटीतली सुई घेतलीस, बोट टोचलंस, थेंब काचेवर ठेवलास. डॉक्टरांनी औषधाचा थेंब घालून वरून दुसरी काच झाकली, आणि जरा वेळानं ते त्यांच्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत पाहायला लागले. पाहून झाल्यावर त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मग तू वाकून पाहिलंस. इंदे, मी त्या ओसरीत तुझ्या अगदी बाजूला उभी होते. तुझा चेहरा मी पाहिला. तू ती काच लगेच पुसून टाकलीस.

"काय निंगालं?" मी विचारलं.

"काई नाही. कोनाले काई दुखलं का? नाही ना? मंग या पुढं," तू बायांना म्हणालीस. बाया उठल्या. तू बोट दिलंस म्हणून त्यांनी दिलं. दुर्बिणीत काय दिसलं हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

मग ते नाव आलं. डॉक्टरांनी सांगितलं, काही बायांच्या रक्तात सिकल आहे. बायांनी ऐकलं 'शिकल'. दीक्षेनंतर आमच्या वस्तीत पोरी शाळेत जायला लागलेल्या, त्यामुळे एक म्हातारी एकदम म्हणाली, "म्हंजे पोरी शिकल्या म्हनून रक्त बिघडलं काय, बाप्पा?" दुसरे दिवशी माझ्या वर्गात पाच-सहा पोरी आल्याच नाहीत. मी धावत तुझ्याकडे आले आणि तू घाईघाईनं मराठी केलंस. रक्तातले कण गोल असतात, काहींचे वाकडे होतात, विळ्यासारखे. म्हणून विळ्याचं रक्त.

शब्द बरोबर होता, मी कोशात पाहिला. पण तू कोणाला काय सांगत होतीस याचा विचार तुझ्याही मनात आला नाही आणि माझ्याही. दोन वर्षं तू त्याच बायांना सांगत आलेलीस की विळ्यानं नाळ कापू नका, लेकराच्या अंगात विष जातं. आणि आता सांगितलंस, लेकराच्या रक्तात विळा आहे. बायांनी बेरीज केली. चूक कुठं होती त्यात? तपासलेल्या बहुतेक जणी माहेरी आलेल्या पहिलटकरणी होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि ज्या ह्या वस्तीच्या लेकी त्या सगळ्या सारजामायच्या हातावरच जन्मलेल्या. ज्यांचं रक्त वाकडं निघालं त्या सगळ्यांची नाळ त्याच एका विळ्यानं कापलेली. आणि माझं? दुसऱ्या खेपेला मी गरोदर होते, माझं रक्त सरळ निघालं. तर म्हणाल्या, "मास्तरीनबाईचं सरळच निंघन ना, ते अकोल्याच्या दवाखान्यात जन्मली." मी दाईची सून, आणि माझ्याच रक्तानं माझ्या सासूवरचा आळ पक्का केला.

तू पुन्हा पुन्हा सांगितलंस की हे आईबापाकडून येतं. ते तर कोणीच ऐकून घेईना. आपल्या आईबापाचं रक्त वाकडं, असं कोण मानणार? त्यापेक्षा दाई परवडली. रक्त वाकडं निघालेल्या गयाची आई घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "माय, आमच्या गयीच्या येळेस आता तुमी येऊ नोका." सासूबाईंनी कारण विचारलं नाही. त्यांनी विळा वाशात खोचला आणि दाराशी बसल्या. ज्या पोरी त्यांनी पालथ्या हातावर घेऊन रडवल्या होत्या, त्या पोरी मागच्या गल्लीनं जायला लागल्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "मले सांग वं, तू शायेत शिकवते, माह्या हातून झालं काय हे?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना माझं पटलं नाही हे मला दिसलं. घरच्या सुनेचं 'नाही' कोणीही खरं धरत नाही.

गयाबद्दल मात्र मला तुझे उपकारच सांगायचे आहेत. तिचं रक्त दोन्हीकडून वाकडं, आजार पुरता. सातव्या महिन्यात तिचे सांधे असे धरले की पाय सरळ होईना. तू तिला पाणी पाजवत राहिलीस, पोटात सारखं पाणी जाऊ द्या म्हणून आईच्या मागे लागलीस, आणि दिवस भरायच्या आधीच तिला बसमध्ये घालून अकोल्याला नेलंस. तिथं रक्त द्यावं लागलं. नवऱ्यानं द्यायला नकार दिला तेव्हा तू त्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात जे काही ऐकवलंस ते गया अजून नक्कल करून दाखवते. ती जगली, लेकरूही जगलं. तुझी बातमी कळल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मले कोनी सांगतलं असतं का आंगातलं हे? मी तं मेलीच असती." खरं आहे. नागपूरच्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कितीही काळंबेरं असलं तरी गया समोर उभी राहिली की मला गप्प बसावं लागतं. असं गप्प बसणं मला जड जातं.

म्हणूनच मी तुझ्या मागे लागले. हिशेब साधा होता. ह्या वस्तीबाहेरचं, सारजामायच्या विळ्याखालून न गेलेलं, असं एक वाकडं रक्त दाखवलं की झालं. तसं एक रक्त मला माहीत होतं, किंवा माहीत असल्याचा संशय होता. तू बार्शीटाकळीला जन्मलीस, दुसऱ्या दाईच्या हातावर, दुसऱ्या जातीत. शाळा सुटल्यावर त्याच ओसरीत मी तुला म्हटलं, "इंदे, तुझ्या रक्तात काय निंगालं ते सांगून टाक. एकदा सांग. माह्या सासूवरचं जाईन, आन वस्तीवरचंबी जाईन."

तू म्हणालीस, "सरळ निंगालं असन तं?"

"तं तसं सांग."

तू बराच वेळ ओसरीचा पोपडा नखानं काढत बसलीस. मग म्हणालीस, "माह्या एकटीचं असतं तं सांगतलं असतं."

"म्हंजे वाकडं हाये."

"म्या तसं म्हटलं नाही."

"सरळ असतं तं एवढा इचार केला नसता तुनं."

तू उठलीस. मी मागून म्हटलं, "आमच्या घरचं ताक चालते, रक्त मातर येगळं ठेवते तू." तू थांबलीस, वळली नाहीस, गेलीस. ते बोलणं मी आजही मागे घेत नाही, इंदू. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं बदललं तर तुलाच ते खोटं वाटेल. पुढे थोड्याच दिवसांत तुझी धारणीला बदली झाली. कंपाउंडर म्हणे, नर्सबाईनं स्वतः मागून घेतली. लोक बदली टाळायला धडपडतात आणि तू मेळघाटात मागून जातेस. मी त्याचाही अर्थ लावला. धारणीहून तू गयाच्या लेकराची चौकशी करायचीस, पातूरला येणाऱ्या कोणाच्या तरी तोंडी. माझी नाही केलीस. मीही तुझी केली नाही.

परवा मी तुझ्या घरी गेले. भेटायला जाणं रीतच आहे, पण खरं सांगते, मी नुसती भेटायला गेले नव्हते. बसमधून उतरून विचारत विचारत तुमचं घर काढलं. तुझी आई ओसरीवर बसली होती. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे ताकवाल्या मास्तरीनबाई." पाणी आलं. पेला कुठला आला ते मी पाहिलं, सवय जात नाही. घरातलाच होता.

तिच्या मांडीवर एक लेकरू होतं, तुझ्या धाकट्या बहिणीचं. रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. दोन्ही हातांची बोटं फुगलेली, तळवेही, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. असे हात मी आमच्या वस्तीत पाहिलेत. गयाच्या लहान भावाचे पाहिलेत. तुझी आई म्हणाली, "असेच सुजतात वं, मंग उतरतात. बाहेरचं हाये म्हनतात. उतारे टाकून राहिलो."

मी म्हटलं, "आई, याले अकोल्याले न्या. रक्त तपासा याचं."

आत कोणीतरी भांडी घासत होतं, बहीणच असावी. तुझ्या आईनं लेकराचा हात आपल्या हातात घेतला आणि खाली बघत म्हणाली, "इंदीबी असंच म्हने. रक्त, रक्त. एक दिवस आली आन म्हने, आई, माह्या रक्तात हाये थे. तुह्यात नाही तं बाबात असन. लहानीचंबी पाहू, आन तिच्या नवऱ्याचंबी, मंगच लगन करू. लगन तं ठरेल व्हतं बाई, माह्या भावाच्याच पोराशी. घरातल्या घरात. म्या म्हटलं, हे बाहेर गेलं तं लोक काय म्हनतीन? कोनाचं रक्त म्हनतीन आमच्या घरात? म्या तिले माह्या गळ्याची शपथ घातली. तोंडातून काढशीन तं माहं मेलं तोंड पायशीन म्हटलं." मग तिनं लेकराचे डोळे पदरानं पुसले. "तिचंच पायलं म्या," म्हणाली.

तर असं आहे. तुझं रक्त वाकडं होतं. माझा संशय खरा निघाला आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

पण इंदू, मला अजून एक विचारू दे. ती शपथ तुला बांधून ठेवत होती, की तुला सोयीची पडली? आमच्या प्रत्येक पोरीला तू बजावून सांगायचीस की नवऱ्याचंही रक्त पाहून घ्या, दोन्हीकडून आलं तर लेकराचे हाल होतात. आणि तूच आपल्या बहिणीच्या लग्नात अक्षता घेऊन उभी राहिलीस. मामाच्या पोराशी लग्न, एकच रक्त. तुला ठाऊक होतं, निदान धास्ती तरी होती. आईच्या गळ्याला भ्यालीस, की बार्शीटाकळीच्या लोकांना? तू शिकलेली होतीस म्हणून तुझ्याकडून जास्त मागायचं का, हे मला कळत नाही. आईची शपथ मोडणं काय असतं हेही मला कळतं. माझी आई असती तर मी मोडली असती का, देव जाणे. आणि देव तर आता मी मानत नाही. पण त्या लेकराची बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, आणि राग तुझ्यावर येतो, आणि मग तू धारणीच्या त्या रस्त्यानं एकटी जीपमध्ये बसून लोकांच्या लेकी तपासायला जात होतीस हे आठवतं, आणि बसमध्ये मला पहिल्यांदा रडू आलं. कंडक्टरनं विचारलं, "काय झालं, मावशी?" मी म्हटलं, मैत्रीण गेली.

निघताना तुझी आई माझा हात धरून म्हणाली, "लेकराले नेतो अकोल्याले. पन बाई, तुमी हे कोनाले सांगू नोका. तुमाले माही..." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "आई, आमी शपथा घेत नाही. दीक्षेच्या टायमाले घेतल्या तेवढ्याच पाळतो." ती रागावेल असं वाटलं. रागावली नाही. म्हणाली, "इंदी म्हनायचीच, मास्तरीन आयकत नाही कोनाचं."

घरी आल्यावर मी चप्पलही न काढता सासूबाईंपुढं बसले. त्या दाराशीच होत्या, आता तेवढीच त्यांची जागा. मी सगळं सांगितलं. इंदीचं रक्त वाकडं होतं. बार्शीटाकळीच्या कुणब्याच्या घरातलं. तुमच्या विळ्याचा संबंध नाही, कधीच नव्हता. वस्तीत सगळ्यांना सांगू आपण. इतकी वर्षं ज्यासाठी मी तुझ्याशी भांडले ते माझ्या हातात होतं आणि मी ते त्यांच्यापुढं ठेवलं. मला वाटलं, त्या रडतील, निदान विळा खाली काढा म्हणतील.

त्या म्हणाल्या, "थ्या लेकराच्या येळेस दाई कोन व्हती?"

"मले काय माईत?"

"इचाराचं व्हतं ना. पोट्टं दुखनाईत निंगालं. रक्त तपासतीन, विळा निंघन, मंग तिच्यावरच येईन समदं. तिचे बी हात असतीन ना वं, माह्यासारखे." मग म्हणाल्या, "इंदी असती तं तिलेच धाडलं असतं. आता तूच जाय."

उद्या शाळा सुटल्यावर बस आहे, त्या बसनं जाते. बार्शीटाकळीत त्या दाईचं घर शोधून काढीन आणि तिच्यापुढं बसून सांगीन की तुमच्या हातून काही झालेलं नाही. ती मला ओळखत नाही, ती माझं ऐकणार नाही. दुसऱ्या गावची, दुसऱ्या वस्तीची बाई, कोण जाणे कशाला आली म्हणेल, आणि तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. तिला पटायला तिच्या ओळखीचं, असंच रक्त आईबापाकडून घेऊन आलेलं माणूस लागेल. तू तिच्याच गावात जन्मलीस, कदाचित तिच्याच हातावर, कदाचित नाही. तुला राग आला तर येऊ दे, इंदे. तुझं नाव मी घेणार आहे.